आतली झीज

१

आधीच सांगून टाकलेलं बरं. यात शुद्धलेखनाच्या चुका सापडतील, त्या पदरात घ्या. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला जड शब्द येत नाहीत. जे साधे येतात त्यांच्यावरच भागवलं आहे. आणि 'मी' असं लिहायला बसलं की पेन पुढे सरकत नाही, म्हणून ज्याच्यावर हे गुदरलं त्याला इथे कुंदन म्हटलं आहे.

तर कुंदन करावे गावचा. घरात आई पुतळा आणि थोरला भाऊ नामदेव. नामदेव न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. लहानपणी वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की कुंदनची जीभ टाळ्याला चिकटायची, पोरं हसायची. शाळा सुटली याचं वाईट आईला वाटलं, त्याला नाही. पुढे तो वाशीला, मार्केटच्या पहिल्या मजल्यावर, सितारामकाकांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात लागला. तिथे बोलायचं काम नव्हतं. लाकूड बोलायचं, आपण ऐकायचं.

काका मिरजेचे. सतार, तंबोरा करणाऱ्यांच्या हाताखाली वाढलेले, पण वाशीत सतारी किती येणार? पेट्या यायच्या, सोसायट्यांतल्या पोरांच्या गिटारी यायच्या. काका म्हणायचे, "तारेचं वाद्य सगळं एका जातीचं रे. दांडी, घोडी, तबली. नावं विलायती असली म्हणून काय झालं?"

त्यांची एक रीत होती. कुठलंही वाद्य आलं की तार छेडायची नाही. आधी तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर, बोटाच्या पेराने इंच-इंच ठोकत जायचं. चांगली फळी टणटण बोलते. आतली आधाराची पट्टी सुटली असेल तर तेवढ्या जागी आवाज बसतो. आणि ठोकताना दुसऱ्या हाताचं बोट फळीला लागू द्यायचं नाही. "कुणी हात टेकवला की लाकूड मुकं होतंय," काका सांगायचे. "आपलाच हात आपल्याला फसवतो, कुंदनराव."

एकोणीसशे पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात काकांचा एक डोळा मोतीबिंदूने गेल्यात जमा होता. दिवाळीनंतर मिरजेला कायमचं परत जायचं त्यांनी ठरवलं होतं. दुकानाचं काय, ते मात्र बोलत नव्हते. ट्रेलरवर क्लीनर म्हणून ये असं नामदेव रोज कुंदनच्या मागे लागायचा, "चल रं माझ्याबरोबर, किलिंडर लागतंय मना. कवरा दिवस ती लाकडा ठोकत बसशील?" कुंदन मान खाली घालून जेवायचा. कामाच्या त्या बाकड्याशिवाय दुसरीकडे कुठे आपण माणसात जमा होऊ असं त्याला वाटत नव्हतं.

अशात नंदकिशोर साहेब ती गिटार घेऊन आले.

२

नंदकिशोर साहेब नेरुळला राहायचे, बेलापूरला बंदरातला माल सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात होते. मालकाने कधी न नेलेल्या मालाचा लिलाव झाला, त्यातली ही एक लाकडी पेटी एका व्यापाऱ्याकडून त्यांनी उचलली होती. पेटी खिळे ठोकून बंद होती. आत दुसरं काही नव्हतं, फक्त गिटार.

"कुठून आली, कुणाची, काही पत्ता नाही," ते म्हणाले. "कागद भिजून गेलेत. आमच्या वैदेहीला क्लास लावलाय ना, तिला द्यायचीय. वाढदिवस आहे तेवीसला. पण आधी सांगा, वस्तू कशी आहे?"

काकांनी गिटार कुंदनपुढे सरकवली. "हा सांगेल. हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत याचं. मी हात लावणार नाही." आणि मग, जसं काही चहा सांगावा तसं, "हे नीट उतरलं की बाकडं तुझं, कुंदन. किल्लीसकट."

कुंदनचे कान तापले. त्याने गिटार उलटीपालटी केली. पाठ आणि बाजू शिसवीच्या, तबली विलायती देवदाराची, मधाच्या रंगाची झालेली. चाव्यांचे स्क्रू हाताने कापलेले, एकाची खाच दुसऱ्यासारखी नाही. तबलीच्या मधल्या भोकातून पाहिलं तर लेबल निघून गेलेलं, नुसता फिकट चौकोन उरलेला. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन त्याने दांडीच्या टाचेखाली, दिसणार नाही अशा जागी, जरासं फिरवलं. पॉलिश चिकट झालं. म्हणजे लाखेचं, जुन्या पद्धतीचं.

"लढाईच्या आधीची आहे," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या. कदाचित त्याच्याही आधीची."

"आणि वाजवलेली किती?"

हे तर झिजेवरूनच कळतं. वाजवणाऱ्याचा अंगठा दांडीची पाठ घासतो, तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांवर खाचा पाडतात, नखं भोकापाशी पॉलिश खातात. कुंदनने दांडीवरून अंगठा फिरवला. पडदे पाहिले. कुठे ओरखडा नव्हता.

"कुणी वाजवलेलीच नाही, साहेब."

"साठ वर्षांत?" नंदकिशोर साहेब खूश झाले. "म्हणजे कोरी करकरीत! मग तर किंमत वाढली की नाही, काका?"

"चौपट," काका म्हणाले.

साहेब गेल्यावर कुंदनने तबली ठोकली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या डाव्या बाजूला आवाज बसका येत होता, आणि पाठीची कडही एका ठिकाणी सुटली होती. मग त्याने दाताच्या डॉक्टरकडून मागून आणलेला लांब दांडीचा आरसा काढला, सेलवरचा बारका दिवा तारेने भोकातून आत सोडला आणि तबलीची आतली बाजू पाहिली.

आतून कुणी पॉलिश करत नाही. आत कोरं, खरखरीत लाकूड असतं, करवतीच्या खुणांसकट. इथे खुणा नव्हत्या. तळहाताएवढी जागा काळपट, गुळगुळीत, तेल पाजल्यासारखी चकाकत होती. विळ्याच्या मुठीवर वर्षानुवर्षांच्या घामाने येते ना, तशी चकाकी. भोकाची आतली धारही तशीच, गोल झिजलेली.

"काका, आतून झिजलीय."

काकांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "आधीच्या कुणा मिस्त्रीने हात घातला असेल."

"पण ही उघडलेली नाही कधी. सरस पहिलाच आहे."

"मग उंदीर," काका म्हणाले. "उंदीर एका जागी अंग घासतो."

पण लेंडी नव्हती, केस नव्हता, कुरतडल्याचा दात नव्हता. तरी कुंदनला उंदीर पटला. पटवून घेतला.

३

पाठ सोडवायला दोन दिवस लागले. पातळ सुरी गरम पाण्यात बुडवायची, सांध्यात सारायची, सरस मऊ पडला की बोटभर पुढे जायचं. जुन्या सरसाचा वास सुटला, ओल्या चामड्यासारखा. पाठ अखंड निघाली तेव्हा काकांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं आणि नुसतं "हं" म्हणाले. काकांच्या तोंडून हे फार होतं.

उघडी गिटार म्हणजे काय, होडीसारखी एक पोकळ वस्तू. उजेडात ठेवली की तिच्यात गूढ असं काही उरत नाही. कुंदनला आपल्या भीतीचं हसू आलं. आधाराची एक पट्टी खरंच सुटलेली होती. तिला त्याने ताजा सरस लावून शिकंज्यात, म्हणजे आवळायच्या चापात, धरलं. ती काळपट जागा काचेच्या तुकड्याने खरवडून काढली, पार पांढरं लाकूड दिसेपर्यंत. खरवडताना भुगा उडायला हवा. उडाला नाही, मळासारख्या वळ्या निघाल्या, बोटांना चिकटल्या. त्याने हात साबणाने दोनदा धुतले.

काकांना मिरजेचं घर पाहायला चार दिवस जायचं होतं. जाताना ते दारात थांबले. "बंद करायच्या आधी आत बघून घे. कापूस, लाकडाची ढलपी, काही राहिलं की आयुष्यभर वाजतंय ते."

कुंदनने आत पाहिलं. काही नव्हतं. त्याने पाठ बसवली, चौदा शिकंजे आवळले आणि सांध्यातून बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसून घेतला.

४

दुकानाच्या खाली पिठाची गिरणी होती. तिची घरघर दिवसभर पायाखालून यायची, इतकी की ऐकू येणं बंद झालं होतं. त्या शुक्रवारी दुपारी पट्टा तुटला म्हणून गिरणी बंद पडली, आणि दुकानात अशी शांतता झाली की कुंदनला स्वतःचं गिळणं ऐकू आलं.

ठोकून बघायला यापेक्षा चांगली वेळ नाही म्हणून त्याने शिकंजे काढले. घोडीपाशी ठोकलं. टण. डावीकडे, जिथे पट्टी चिकटवली होती, टण. मनासारखं झालं होतं. तो पुढे सरकला आणि एके ठिकाणी ठप् आलं.

बोटाच्या टोकाएवढीच जागा. तिच्या अलीकडे टण, पलीकडे टण. त्याने आपला डावा हात पाहिला. तो मांडीवर होता. खडू घेऊन त्याने तिथे ठिपका केला. आणखी थोडं पुढे दुसरी तशीच जागा. मग तिसरी, चौथी. आणि जरा खाली, बाजूला, पाचवी.

पट्टी सुटली तर आवाज लांबट पट्ट्यात बसतो. सरस सांडला असेल तर थापेएवढ्या जागेत बसतो. ठिपक्याठिपक्याने कशाने बसतो? त्याने डोकं चालवलं. लाकडात गाठी असतील. पण मग परवा, पाठ उघडी असताना, हीच फळी त्याने उजेडासमोर धरली होती. तिच्यात गाठ नव्हती. उकाड्याने सरस आळला नसेल कशावरून? असेल. तसंच असेल.

त्याने ठिपके पुसले, चहा पिऊन आला आणि पुन्हा पहिल्यापासून ठोकलं. मघाच्या जागा आता टणटण बोलत होत्या. मुक्या जागा पाचच होत्या, पण भोकाकडे दोन बोटं सरकलेल्या. त्याने त्या खडूने मांडल्या. मग का कोण जाणे, आपला हात त्यांच्यावर ठेवला. करंगळी करंगळीवर बसली, अंगठा अंगठ्यावर. एकही ठिपका उरला नाही, एकही बोट उरलं नाही.

कुणी हात टेकवला की लाकूड मुकं होतं.

त्याने हात झटकून काढला. गिटार बाकड्यावर तशीच पडून होती, नवी, चकचकीत, निरपराध. खाली कुणीतरी गिरणीवाल्याला शिव्या देत होतं. त्या शिव्यांचा त्याला एवढा आधार वाटला की तो जिन्यात जाऊन उभा राहिला, गिरणी सुरू होईपर्यंत.

घरी आईने ताटात बोंबील वाढले. "काय झाला रं तुला? जेवत का नाय? कोन बोलला काय?"

"कोन नाय," तो म्हणाला.

"काम चुकला असंल त्याचा," नामदेव हसला. "आता तरी येशील ना माझ्या टेलरवर?"

कुंदनने मनात वाक्य जुळवून पाहिलं. गिटारीत कुणाचा तरी हात आहे. घरच्या दिव्याखालीसुद्धा ते वाक्य वेड्याचं वाटत होतं.

५

सोमवारी, काका यायच्या दिवशी, त्याने सकाळी दिवा आणि आरसा घेतला. दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी होती, गॅलरीत ऊन होतं. आरसा आत घातला आणि तबलीकडे वळवला. काही दिसेना. काचेवर वाफ धरली होती.

त्याने आरसा बाहेर काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. पुन्हा वाफ. ऑक्टोबरच्या उकाड्यात काचेवर वाफ कुठली धरायला? सरसाची ओल असेल म्हणावं, तर ओल हळूहळू चढते. ही यायची आणि जायची. यायची आणि जायची. कुंदनच्या ध्यानात आलं की आपण तिच्या तालावर श्वास घेतोय, आणि त्याने श्वास रोखून धरला. आरशावरची वाफ तशीच येत-जात राहिली.

एकदा ती गेली तेवढ्या वेळात त्याला तबलीची आतली बाजू दिसली. पांढरी केलेली जागा पुन्हा काळी झाली होती. चकाकत होती.

काका अकराला आले, मिरजेच्या पेढ्यांचा पुडा घेऊन. तोंडावर पाणी मारून थेट बाकड्याशी बसले. कुंदन म्हणाला, "काका, मला काही सांगायचंय."

"आधी हिला ऐकू दे."

त्यांनी ठोकायला सुरुवात केली. घोडी, डावी बाजू, उजवी, भोकाचा काठ. टण, टण, टण. मान एका बाजूला कलती, गेलेला डोळा मिटलेला. एकही जागा बसकी निघाली नाही.

"कुठंच मुकी नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी कुंदनच्या पाठीवर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. "पोरा, मलासुद्धा अशी जमली नसती. आज साहेब घेऊन जाऊ देत. संध्याकाळी किल्ली घे."

कुंदनला आनंद झाला, पण क्षणभरच. कुठेच मुकी नाही. म्हणजे आता फळीला कुणी हात टेकवलेला नाही. मग तो हात आहे कुठे?

"काय सांगत होतास?" काकांनी पेढ्याचा पुडा सोडत विचारलं.

"काही नाही," कुंदन म्हणाला.

पाचला नंदकिशोर साहेब ऑफिसमधून लवकर सुटून वैदेहीला घेऊन आले. अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, बडबडी पोर. "ही माझी? खरंच माझी? बाबा, क्लासमध्ये कोणाकडेच अशी नाहीये, सर वेडे होतील!"

"आधी बसून वाजव तर," साहेब म्हणाले. "काका, हिला सा पण नीट लागत नाही अजून, हसू नका हं."

"बाबा!"

ती गॅलरीच्या दाराशी स्टुलावर बसली. गिटार तिच्या मांडीवर मोठी होत होती. तिने डावा हात दांडीवर गुंडाळला, उजवा तारांवर आणला आणि जीभ दातांत धरून एक धून अडखळत सुरू केली. काका डोळे मिटून ऐकत होते. साहेब पेढा खात होते. उतरतं ऊन गॅलरीतून तिरपं येऊन बरोबर भोकात शिरलं होतं.

कुंदन बाजूला उभा होता. त्यालाच तेवढं दिसलं.

भोकाच्या खालच्या काठावर, आतल्या बाजूने, फिकट काहीतरी ओळीत टेकलं होतं. चार. मेणासारखी चपटी टोकं, विहिरीच्या काठाला धरून राहावं तशी. वैदेहीचं मनगट तारेवरून वर गेलं की ती स्थिर असायची. मनगट खाली, काठाजवळ आलं की त्यातलं एक टोक सरळ व्हायचं. तिच्या बोटाकडे. मध्ये अर्धा इंच. पुढच्या वेळी त्याहून कमी अंतर.

"थांब," कुंदन म्हणाला. आवाज निघालाच नाही.

तिचं मनगट पुन्हा खाली येऊ लागलं, आणि कुंदनने गिटार तिच्या मांडीवरून हिसकावून घेतली. पोर किंचाळली. त्याने ती जमिनीवर पालथी टाकली आणि पाठीवर गुडघा देऊन सगळा भार घातला. साठ वर्षांची शिसवी बंदुकीसारखी फुटली.

६

"अरे! वेड लागलं का याला?" साहेब ओरडले. "काका, हा काय प्रकार आहे?"

वैदेही गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मोठमोठ्याने रडू लागली. कुंदन गुडघ्यांवर तसाच बसून होता. फुटलेल्या पाठीचे दोन तुकडे त्याने बाजूला केले. आत काही नव्हतं. पट्ट्या होत्या, त्याने स्वतः लावलेल्या, सरळ, स्वच्छ. आणि ती काळी जागा.

"का केलंस?" काकांनी विचारलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"काम चुकलं होतं माझं," कुंदन म्हणाला.

"खोटं बोलू नको. मी ऐकलंय तिला."

कुंदन उठला आणि पूर्वी वर्गात उभा राहायचा तसा उभा राहिला. काका खाली वाकले. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी फुटक्या गिटारीत हात घातला आणि आपण वाद्य चाचपतो तशी बोटं फिरवली. त्या जागेवर बोटं आली. काकांनी हात मागे ओढला, विस्तवावरून ओढावा तसा, आणि धोतराला पुसला. एकदा पुसला, मग पुन्हा.



"साहेब, पोरीला मी दुसरी देतो," ते म्हणाले. "माझ्या हाताची. ही इथंच राहू द्या."

"आणि हा?"

काकांनी कुंदनकडे पाहिलं नाही. "गिऱ्हाईकाची वस्तू फोडली, ह्याला मी आता इथं बसवू शकत नाही. तू घरी जा, कुंदन. उद्यापासून येऊ नको." मग तो दारापाशी पोचल्यावर, साहेबांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू, "तुकडे मी उघड्यावर ठेवतो. झाकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नामदेवने ट्रेलर गावाच्या फाट्यावर आणला तेव्हा कुंदन तिथे आधीच उभा होता. नामदेवने दार उघडलं. उरणच्या वाटेवर एका गोदामापाशी त्यांनी रिकामा कंटेनर उचलला. नामदेव कागदांवर सही करून घ्यायला गेला आणि जाताना ओरडला, "आतमंदी बघून घे कोन नाय ना, आन् दरवाजा लाव!"

कुंदन मागे गेला. चाळीस फूट लांब पत्र्याची खोली, टोकापर्यंत सकाळचं ऊन गेलेलं. त्याने डावी भिंत पाहिली, उजवी पाहिली, वर छत पाहिलं. कुणी नव्हतं. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, कारण दरवाजा उघडा होता तोवर, उघड्या गिटारीसारखंच, आत कुणी असणारच नव्हतं.

"झाला काय रं?"

"झाला," तो म्हणाला. त्याने दोन्ही दारं ओढली, दांडे खाली पाडले आणि खिटी घातली. मग केबिनमध्ये जाऊन बसला. त्याच्या सीटच्या मागे केबिनचा पत्रा होता, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर कंटेनर. नामदेव म्हणाला, रस्ता खराब हाय, नीट रेलून बस. कुंदन हो म्हणाला, आणि बंदर येईपर्यंत पुढे वाकून बसला. पाठ त्याने कुठेच टेकवली नाही.